पालथं कधी पडणार, रांगणार कधी, चालणार कधी? नव्या आईबाबांसाठी पहिल्या वर्षाची गाईड, इंदूरच्या घरांतून

घरात बाळ आलं की तिसऱ्या महिन्यापासून चौकशी सुरू होते. आधी "पालथं पडतं का?", मग "बसतं का?", मग "अजून रांगत नाही का?", विचारणारी माणसं तीच असतात, फक्त क्रियापद बदलत जातं. राजेंद्रनगर असो, रामबाग असो की सुदामानगर, वरच्या मजल्यावरच्या काकूंचा नातू नेहमी आपल्या बाळाच्या महिनाभर पुढेच असतो, आणि त्यात भर म्हणून मोबाईलवर रोज कुणाचं तरी सात महिन्यांचं पोर उभं राहिलेलं दिसतं. ज्यांचं पहिलंच बाळ आहे आणि ज्यांना नक्की काय बघायचं, काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही हे सरळ भाषेत हवंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, तारीख बघायची नाही, क्रम बघायचा. बाळाचा शरीरावरचा ताबा वरून खाली येतो, आधी मान, मग खांदे, मग पाठ, कंबर आणि सगळ्यात शेवटी पाय. आणि मधून बाहेर येतो, म्हणजे आधी दंड हलतो, मग मनगट, बोटांची चिमटी सगळ्यात उशिरा. त्यामुळे ज्याने अजून मान धरली नाही त्याला बसवण्याची घाई करून काही मिळत नाही, आधीची पायरी तयार झाली की पुढची आपोआप येते.

आणि प्रत्येक पायरीची खिडकी किती मोठी असते ते पण बघून घ्या म्हणजे काकूंना उत्तर देता येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली आकडे छापले, भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या निरोगी मुलांना वारंवार बघून (आपल्याकडची मुलं दक्षिण दिल्लीतली होती). त्यात आधाराशिवाय बसणं साधारण ४ ते ९ महिन्यांत कधीही, हातागुडघ्यांवर रांगणं ५ ते साडेतेरा महिने, धरून उभं राहणं ५ ते साडेअकरा, एकटं उभं राहणं ७ ते १७ आणि एकटं चालणं ८ ते साडेसतरा महिने! म्हणजे एक पोर नवव्या महिन्यात चाललं आणि दुसरं सतराव्या, तरी दोघंही ठणठणीत. आणि शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट पुढे गेली.

सगळ्यात आधी जमीन तयार करा

बाळासाठी काय काय घ्यायचं याची लिस्ट लोक डिलिव्हरीच्या आधीच करतात, आणि बाळंतविड्यात झबली टोपरी ढीगभर येतात, पण हालचालीसाठी लागते ती फक्त जमीन. बाउन्सर, रॉकर, बसवायच्या फुगवलेल्या खुर्च्या, यांपैकी कशाचीही गरज नाही, उलट बाळ जितका वेळ त्यात अडकून राहील तितका त्याचा सराव कमी. बाळ एका वेळी तासाभराहून जास्त एका जागी बांधलेलं नसावं असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, त्यात कारसीट, स्ट्रोलर, पाठीवर बांधणं सगळं आलं.

आपल्याकडच्या टाईल्स डिसेंबर-जानेवारीत बर्फासारख्या गार पडतात आणि वर घसरड्या, म्हणून खाली सतरंजी आणि त्यावर आजीची जुनी गोधडी अंथरा. मऊ गादीवर किंवा दिवाणावर नको, गादीत बाळ रुततं आणि त्याला जोर लावायला काही मिळत नाही. जमिनीसारखा टणकपणा हवा, फक्त गारवा नको. थंडीत अंगात दोन बंड्या घाला, टोपरं घाला, पण जागं असताना हातमोजे नकोत आणि खोली उबदार असेल तर पायमोजेही काढा, कारण तळव्याला आणि बोटांना जमीन लागली पाहिजे. एप्रिल-मेमध्ये तर प्रश्नच नाही, कूलरच्या थेट झोतात न ठेवता एका लंगोटावर मोकळं सोडून द्या.

आणि झोळी. झोळीत बाळ मस्त झोपतं, आईला पण जरा श्वास मिळतो, सगळं मान्य. पण जागं बाळ रडलं की झोळी, किरकिर केली की झोळी, असं केलं तर दिवसभर ते गोल होऊन पडून राहतं, मग हालचाल करणार कधी? जागं आहे ना, मग खाली. आणि खरं सांगायचं तर झोपेलाही सपाट, कडक अंथरूणच सगळ्यात सुरक्षित.

जन्म ते दोन महिने: जे दिसतं ते आपोआप होतं

या दिवसांतल्या बहुतेक हालचाली बाळ "करत" नाही, त्या होतात. भांडं पडलं की दोन्ही हात फाकवून दचकतं, त्याला डॉक्टर मोरो रिफ्लेक्स म्हणतात, घाबरलंय म्हणून काळा दोरा बांधा हवं तर पण घाबरण्याशी फारसा संबंध नाही, चार ते सहा महिन्यांत हे जातं. तळहातात बोट दिलं की घट्ट धरतं, तेही तसंच. काखेत धरून पाय टेकवले की पावलं टाकल्यासारखं करतं आणि घरातले म्हणतात बघा आत्ताच चालायला निघालं! दोनेक महिन्यांनी ते बंद होतं तेव्हा घाबरू नका. एस्थर थेलेन नावाच्या संशोधिकेने १९८४ मध्ये एक छान प्रयोग छापला होता, ज्या बाळांचं हे पाऊल टाकणं कमी झालं होतं त्यांना पाण्यात धरलं की पाय परत हलायला लागले, म्हणजे मेंदू काही विसरला नव्हता, फक्त मांड्या गुटगुटीत झाल्या आणि त्या उचलायचा जोर अजून नव्हता.

आता करायचं काय? एकच काम, पोटावर ठेवणं, ज्याला आता सगळे टमी टाईम म्हणतात. पहिल्या आठवड्यातच सुरू करता येतं, तुम्ही मागे रेलून बसा आणि बाळाला छातीवर पालथं घ्या, ते तुमचा चेहरा बघायला मान उचलायचा प्रयत्न करतं. मग गोधडीवर, सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. दूध पाजल्या पाजल्या नको, ओकारी होईल. लंगोट बदलल्यावर ठेवायची सवय लावली की विसरायला होत नाही. हळूहळू वाढवत दिवसभरात मिळून अर्धा तास झाला की पुरे. रडलं तर उचला, जबरदस्ती नाही, थोड्या वेळाने परत. बरीच बाळं पहिले काही दिवस नाक घासून रडतात, त्यावर उपाय म्हणजे तुम्ही स्वतः समोर जमिनीवर आडवं पडणं, बाबांनी पण, पोट आडवं आलं तरी.

एक नियम मात्र कधीही मोडायचा नाही, झोपताना पाठीवर, खेळताना पोटावर. पोटावर असताना मोठं माणूस समोर हवंच, आणि झोप लागली तर लगेच उताणं करायचं.

मालिशबद्दल दोन शब्द, कारण इंदूरच्या मराठी घरात मालिशवाल्या मावशी नाहीत असं सहसा होत नाही. मालिश चांगली, बाळाला बरं वाटतं, झोप लागते, आईचा हात लागला तर आणखी चांगलं. पण मालिशने बाळ लवकर चालतं किंवा हाडं मजबूत होतात असं नाही, हाडांसाठी डॉक्टर व्हिटॅमिन डीचे थेंब देतात (पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट), ते चुकवू नका, "आम्ही कोवळ्या उन्हात ठेवतो" हे त्याला पर्याय नाही. आणि मावशींना प्रेमाने पण ठामपणे सांगा, पायाला धरून उलटं करायचं नाही, हात खेचून पाठीमागे न्यायचे नाहीत, नाक ओढायचं नाही, कानात नाकात तेल घालायचं नाही. सासूबाई समोर असतील तर डॉक्टरांचं नाव पुढे करा, हा सगळ्यांत सोपा मार्ग आहे.

तसंच दुपट्यात गुंडाळणं. हात आत घ्या हवे तर, पण पाय ताणून सरळ करून आवळून बांधू नका, त्याने खुबे निखळण्याचा धोका वाढतो. पाय वाकलेले आणि गुडघे बाहेर पडलेले, ही बाळाची नैसर्गिक बैठक आहे, तशीच राहू द्या. पाय सरळ बांधले नाहीत तर वाकडे होतील हा समज पूर्ण खोटा. बहुतेक बाळांचे पाय जन्मतः थोडे कमानीसारखे असतात आणि साधारण दोन वर्षांपर्यंत तसे दिसू शकतात.

तीन-चार महिने: मान धरली!

तिसऱ्या महिन्याच्या आसपास पालथं ठेवलं की कोपरांवर रेलून छाती उचलतं आणि इकडेतिकडे बघतं, चौथ्या महिन्यापर्यंत कडेवर घेतलं की मान स्थिर राहते. इथपर्यंत आलात की मोठं काम झालं. याच काळात बाळाला स्वतःचे हात सापडतात, तासनतास मुठीकडे बघत बसतं, मग ती तोंडात. हात तोंडातून काढत बसू नका आणि "भूक लागलीये" असं प्रत्येक वेळी समजू नका, हात तोंडापर्यंत नेता येणं हीच एक कमाई आहे, फक्त हात स्वच्छ ठेवा.

खेळण्यांत एक खुळखुळा बास. आपल्या मध्य प्रदेशातल्या बुधनीचे लाकडी रंगीत खुळखुळे फार सुंदर असतात, फक्त रंग सुटत नाही ना आणि टोकाचा मणी निघत नाही ना हे ओढून बघून घ्या. खुळखुळा छातीच्या बरोबर वर धरा म्हणजे दोन्ही हात मध्ये येतील, मग हळूहळू एका बाजूला न्या. मानही दोन्ही बाजूंना वळायला हवी. बाळ कायम एकाच बाजूला बघत असेल तर झोपवायची दिशा बदला, दार खिडकीची बाजू बदला, तरी फरक नसेल तर डॉक्टरांना दाखवा, मानेचा स्नायू एका बाजूने आखडलेला असू शकतो आणि तो लवकर लक्षात आला तर साध्या व्यायामांनी सुटतो.

आणि आजपासून पलंगावर एकटं ठेवायचं नाही. "अजून पालथं पडत नाही हो" म्हणत दूध आणायला गेलं आणि धप्पकन आवाज आला, हे प्रत्येक खानदानात एकदा झालेलं असतं. पहिलं पालथं पडणं सांगून येत नाही.

पाच-सहा महिने: पालथं पडणं आणि उलटा गिअर

काही बाळं आधी पोटावरून पाठीवर वळतात, काही पाठीवरून पोटावर, दोन्ही चालतं. मदत करायची असेल तर उताणं असताना एक गुडघा वाकवून हळूच दुसऱ्या बाजूला न्या आणि थांबा, बाकीचं अंग त्याला स्वतः वळवू द्या. खालचा हात पोटाखाली अडकतो आणि मग आरडाओरडा होतो, तो लगेच काढून देऊ नका, जरा वाट बघा, तो हात काढण्याची खटपट म्हणजेच सराव.

मग पोटावर गोल गोल फिरणं सुरू होतं, आणि बरीच बाळं पहिल्यांदा मागे सरकतात, कारण हाताचा जोर पायापेक्षा जास्त असतो. समोरचं खेळणं हवं असतं आणि ढकललं की ते आणखी लांब जातं, चेहरा बघण्यासारखा होतो! तळव्यांना तुमचा हात लावून ठेवा, त्याला रेटून पुढे येईल.

रात्री झोपेत पालथं पडायला लागलं तर? झोपवताना पाठीवरच झोपवा, मग ते स्वतःहून वळलं आणि त्याला परत उताणं व्हायला पण येत असेल तर रात्रभर जागून सरळ करत बसायची गरज नाही. पण उशा, जाड रजया, मऊ खेळणी सगळं अंथरुणातून काढा आणि दुपट्यात गुंडाळणं वळण्याची पहिली चिन्हं दिसताच बंद.

सहाव्या महिन्यात उष्टावण येतं, आणि त्याचा हालचालीशी थेट संबंध आहे म्हणून सांगते. मान पक्की आणि आधाराने नीट बसता येत असेल तरच वरचं अन्न गिळायला सोपं जातं. मामाच्या मांडीवर बसवा तेव्हा पाठ सरळ हवी, आडवं धरून चमचा घालणं नको. मध चाटवायचा आग्रह झाला तर नाही म्हणा, वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा आजार होऊ शकतो ज्यात बाळाचे स्नायूच ढिले पडतात.

सात ते नऊ महिने: बसणं, रांगणं, आणि घराची झडती

बसणं आधी दोन हात पुढे टेकून येतं, मग एक हात सुटतो, मग दोन्ही. उशांचा किल्ला करून तासभर मध्ये बसवून ठेवायची पद्धत आहे, फोटोपुरती ठीक. पण त्यात बाळ अडकतं, पडायला शिकत नाही, आणि बसलेल्या जागेवरून हलायलाही नाही. माझा सरळ हिशोब असा आहे की ज्या बैठकीत बाळ स्वतः येऊ शकत नाही आणि जिच्यातून स्वतः बाहेर पडू शकत नाही तिथे त्याला फार वेळ ठेवू नये. त्यापेक्षा तुमच्या दोन पायांच्या मध्ये बसवा, कमरेला हलका हात, आणि खेळणं थोडं बाजूला ठेवा म्हणजे वळून घ्यावं लागेल. आठ-नऊ महिन्यांत पडताना हात आपोआप पुढे टेकायची प्रतिक्रिया येते, ती आयुष्यभर राहते, आपण मोठे घसरलो तरी तीच वाचवते.

रांगण्याचे इतके प्रकार असतात की विचारू नका. कुणी पोटावर सरपटतं, कुणी बूड घासत बसून पुढे येतं, कुणी एक गुडघा आणि एक पाऊल असं करतं, कुणी लोळत लोळत सगळी खोली पार करतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये आपली टप्प्यांची यादी सुधारली तेव्हा त्यातून रांगणं काढूनच टाकलं, कारण ते इतकं वेगवेगळं असतं. पण म्हणून रांगायची संधी द्यायची नाही असं नाही हं, रांगण्याने खांदे आणि मनगटं तयार होतात, अंतर कळायला लागतं. फक्त एकाच बाजूचा हात-पाय वापरतंय आणि दुसरी बाजू ओढत नेतंय असं दिसलं तर ती स्टाईल समजू नका, दाखवून घ्या.

शिकवायचं कसं? खेळणं हातभर लांब ठेवा, फार लांब नको नाहीतर नाद सोडून देतं. उशी आडवी टाका, तिच्यावरून चढून जाऊ दे. आणि तुम्ही पण रांगा, आजोबांना सांगा, घोडा होण्याआधीचा हा टप्पा आहे.

रांगायला लागण्याच्या आधीच्या रविवारी (म्हणजे आजच) स्वतः हातागुडघ्यांवर येऊन घरभर फिरा, त्या उंचीवरून जे दिसतं ते उभ्याने दिसत नाही. कूलरची वायर, एक्सटेन्शन बोर्ड, देवघरातली निरांजन आणि उदबत्ती, सोफ्याखाली गेलेलं नाणं, रिमोटचे आणि खेळण्यातले बटणासारखे छोटे सेल (हे गिळले तर काही तासांतच अन्ननलिका भाजते, थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल). आपल्या घरांत दोन गोष्टी खास. एक म्हणजे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून भरून ठेवलेल्या बादल्या आणि टब, बादलीत वीतभर पाणी असलं आणि बाळ डोक्याच्या बाजूने आत वाकलं तर त्याला बाहेर येता येत नाही आणि आवाजही होत नाही, म्हणून बाथरूमचं दार बंद, टबावर झाकण. दुसरी म्हणजे सेव, दाणे, चणे. इंदूरच्या घरात जमिनीवर सेव सांडलेली नाही असा दिवस दाखवा! सेव एकवेळ विरघळेल, पण शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर मोठं संकट, म्हणून रोज झाडून काढणं आलं.

हाताची गोष्ट वेगळी चालते

सगळं लक्ष पायांकडे असतं म्हणून हात मागे पडतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात पूर्ण तळव्याने धरतं, मग या हातातून त्या हातात देतं, मग बोटांनी खरवडून ओढतं, आणि नऊ ते बारा महिन्यांत अंगठा आणि तर्जनीची चिमटी जमते. चिमटी जमली की जमिनीवरचा केससुद्धा उचलेल. ताटात मऊ शिजलेल्या गाजराचे तुकडे, इडलीचा कुस्करा, मऊ भाताची शितं ठेवा, अर्धं सांडेल, सांडू द्या. वस्तू मुद्दाम खाली टाकणं हाही सराव आहे, हातातलं सोडणं हे धरण्याच्या नंतर येतं.

पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण करणार असाल तर बाळ नेमकं या वयाचं असू शकतं. हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, सगळी पोरं लुटायला तुटून पडतात आणि उत्सवमूर्ती मध्ये बसून जे हाताला लागेल ते तोंडात घालते. हलव्याचा एक दाणा पुरतो ठसका लागायला. फोटो काढणारे दहा जण असतात, एक जण फक्त बाळाच्या हाताकडे बघायला नेमा.

दहा ते बारा महिने: उभं, कडेकडेने, आणि मग ते पहिलं पाऊल

सोफ्याला धरून उठतं आणि मग खाली बसता येत नाही म्हणून रडतं, रात्री पाळण्यात पण उभं राहून रडतं, हा टप्पा काही दिवसांचा असतो. उचलून खाली ठेवण्याऐवजी गुडघे हळूच वाकवून कमरेला आधार देत खाली बसायला शिकवा. मग धरून कडेकडेने चालतं, सोफा, टीपॉय, खुर्ची. दोन वस्तूंमधलं अंतर रोज थोडं थोडं वाढवत न्या, एक दिवस मधल्या जागेत हात सुटतात. टीपॉयच्या कोपऱ्यांना रबर लावा, टेबलक्लॉथ काढून टाका, लटकणारी कुठलीच गोष्ट नको.

बोटं धरून चालवायचं असेल तर बाळाचे हात त्याच्या छातीच्या उंचीवर असू द्या. हात वर ताणून लटकवलं तर ते पंजावर चालतं आणि तोल तुमच्याकडे राहतो.

आता वॉकर. बारशालाच कुणीतरी देऊन जातं, चाकांवरचं, मध्ये बसायची झोळी असलेलं प्लॅस्टिकचं. वापरू नका. लवकर चालायला येतं हा गैरसमज आहे, त्यात बाळ पंजाने ढकलतं, स्वतःचे पाय दिसत नाहीत, तोल सांभाळायची वेळच येत नाही, आणि जिन्यावरून, ओट्याजवळ, गरम भांड्यापर्यंत एका क्षणात पोचतं. कॅनडाने तर २००४ मध्ये हे वॉकर विकायलाच बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा, ज्याला इथे हिंदीत गडूलना म्हणतात, तो वेगळा. त्यात बाळ बसत नाही, मागे उभं राहून ढकलतं, स्वतःचं वजन स्वतःच्या पायांवर. पण बाळ स्वतः उठून उभं राहायला आणि कडेकडेने चालायला लागल्यावरच द्या, आणि टाईल्सवर तो सुसाट पळतो म्हणून आत एखादा जड पाटा किंवा पुस्तकांचा गठ्ठा बांधा, सतरंजीवर चालवा.

बूट घरात नकोत. अनवाणी चालल्याने बोटं जमीन पकडतात. बाहेर अंगणात न्यायचं तेव्हा मऊ, वाकणाऱ्या तळव्याचे, सहज घालता येतील असे. चीं-चीं वाजणारे बूट शेजाऱ्यांसाठी त्रास, बाळासाठी शून्य उपयोग. वाळे घाला, छान दिसतात, फक्त घुंगरू सैल झालंय का हे आठवड्याला तपासा. पहिली पावलं पाय फाकून, हात वर करून, पोट पुढे काढून येतात आणि तळवे सपाट दिसतात, हे सगळं नॉर्मल. वर्षाच्या वाढदिवसाला चाललंच पाहिजे असा काही नियम नाही, दीड वर्षापर्यंत वाट बघता येते.

नऊ महिने भरायच्या आधी झालेली बाळं

३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन प्रकारे मोजायचं. समजा ३२व्या आठवड्यात झालं, म्हणजे ८ आठवडे आधी, तर कॅलेंडरने सहा महिन्यांचं असेल तेव्हा हालचालींसाठी ते चार महिन्यांचंच धरायचं. असं साधारण दोन वर्षांपर्यंत. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. हे गणित घरातल्या सगळ्यांना एकदा समजावून सांगा, अर्ध्या चिंता तिथेच संपतात.

कधी थांबायचं नाही

खिडकी मोठी आहे म्हणून कायम "होईल हळूहळू, त्याचे बाबा पण उशिरा चालले होते" म्हणत बसायचं नाही. चार महिने झाले तरी मान लटकते, मुठी कायम आवळलेल्या आणि अंगठा आत, अंग फार ताठ आहे आणि लंगोट बदलताना मांड्या उघडत नाहीत, किंवा उलट चिंधीसारखं ढिलं आहे, नऊ महिन्यांना आधाराशिवाय बसत नाही, वर्षाला धरून पण उभं राहत नाही, दीड वर्षाला चालत नाही, तर दाखवा. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल तर "डावखुरा होणार" म्हणून कौतुक करू नका, इतक्या लहान वयात उजवं-डावं ठरत नाही, दुसऱ्या हातात काही अडचण आहे का ते बघावं लागतं. आणि जे आधी येत होतं ते बंद झालं, तर वय कुठलंही असो, लगेच.

एक गोष्ट त्याच दिवशी, रात्र असली तरी. साधारण चार ते आठ महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्यावर पुन्हा पुन्हा, एकामागून एक, पुढे वाकून हात फेकल्यासारखे झटके देत असेल तर ते पोटदुखी किंवा दचकणं समजून ओवा-हिंग लावत बसू नका. हे एका प्रकारच्या फिट्स असू शकतात ज्यात उपचाराला उशीर झाला की मेंदूचं नुकसान होतं.

दाखवायचं कुठे? सुरुवात तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे, ६, १०, १४ आठवड्यांच्या आणि नवव्या महिन्याच्या लसीला जाताच, तेव्हा फक्त वजन बघून परत येऊ नका, हालचालीबद्दल विचारा. सरकारी मातृ-शिशु रक्षा कार्डावर टप्प्यांची चित्रं असतात, ते फाईलमध्ये पडून राहतं, काढून वाचा. आशाताई ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना घरी येतात त्यांनाही हेच विचारता येतं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातली दिरंगाई तपासून पुढे उपचाराला पाठवण्याची मोफत सोय आहे, आणि शहरात एमवाय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या आवारालगत चाचा नेहरू बाल चिकित्सालय आहेच.

जाताना दोन-तीन व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात बाळ एकतर झोपतं नाहीतर रडतं, आणि जे दाखवायचं ते नेमकं करत नाही. घरी, उजेडात, लंगोटावर, एक पोटावर असतानाचा, एक बसवलेला, एक खेळणं घेतानाचा, प्रत्येकी मिनिटभर, आणि झटके येत असतील तर तो आधी. सोबत जन्माच्या वेळचा डिस्चार्ज पेपर, किती आठवड्यांचं झालं, किती वजन होतं, कावीळ किंवा काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, हे सगळं एका कागदावर, कारण डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात आणि ऐनवेळी आईला, बाबांना, आजीला तीन वेगळी वजनं आठवतात.